प्रेमाचे वय आणि मद्याचा पेला

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी पहिला पेला हाती का घेतला, याचा शोध घेऊ लागलो तर ‘चव आवडली म्हणून’ हे कारण क्वचितच पुढे येते. कोणीतरी आपल्याला आपले मानावे, आपण मागासलेले वाटू नये, आणि ज्या एका व्यक्तीच्या नजरेत भरण्याची मनोमन इच्छा आहे तिला आपण आवडावे, अशी कारणे त्यामागे असतात. म्हणूनच तरुणांच्या मद्यपानाचा विचार त्यांच्या प्रेमसंबंधांचा विचार केल्याशिवाय पुरा होत नाही. आपल्या घरांतून मात्र हे दोन विषय वेगवेगळ्या दिवशी, आणि बहुधा वेगवेगळ्या आवाजांत बोलले जातात.

अमेरिकेत या दोहोंतील नात्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास बरीच वर्षे चालू आहे. लॉस अँजलिस येथे येशूसंघीयांचे लोयोला मेरीमाउंट विद्यापीठ आहे. तेथील मानसशास्त्रज्ञ जोसेफ लाब्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन विद्यापीठांतील ३,६१६ विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण करून २००९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. तरुणींना त्यांनी विचारले : आपल्या मैत्रिणीने किंवा प्रेयसीने एखाद्या समारंभात किती मद्य घेतलेले तरुणांना आवडत असेल? मग तरुणांना विचारले : तुम्हाला खरोखर किती आवडते? दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली तेव्हा आढळले की, सुमारे ७१ टक्के तरुणींनी तरुणांची आवड वास्तवापेक्षा जास्त धरली होती, आणि ती सरासरी दीड पेल्याने जास्त होती. पाच किंवा त्याहून अधिक पेले घेणाऱ्या मुलीशीच तरुणांना मैत्री करावीशी वाटेल, असे २६ टक्के तरुणींचे मत होते. प्रत्यक्षात तसे म्हणणारे तरुण जवळजवळ निम्मेच होते.

या आकड्यांमागची शोकांतिका लक्षात घेण्याजोगी आहे. एक मुलगी आपल्या शरीराला न झेपणारी गोष्ट करते, ती कोणाला तरी आवडावी म्हणून. आणि ज्याच्यासाठी करते त्याला ती आवडतच नाही. दोघांपैकी एकानेही तोंड उघडून विचारलेले नसते. मुलांची स्थितीही फारशी निराळी नाही. समोरचे सगळे आपल्यापेक्षा जास्त पितात असे त्यांनाही वाटत असते. वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोविट्झ यांनी १९८६ सालीच दाखवून दिले होते की, आपले सोबती मद्यपानाबाबत जितके सैल आहेत असे विद्यार्थी समजतात, तितके ते नसतात. गोंगाट करणारे चार जण सर्वांना दिसतात, खोलीत अभ्यास करीत बसलेले चाळीस जण कोणाला दिसत नाहीत.

हाच हिशेब आपल्या देशाला लावून पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे एक टक्का मद्य घेतात. मोठ्या शहरांतील काही महाविद्यालयांत हे प्रमाण अधिक असू शकेल हे मान्य केले, तरी ‘हल्ली सगळेच घेतात’ हे वाक्य सरळसरळ खोटे ठरते. अमेरिकेतही वारा बदलू लागला आहे. गॅलप या संस्थेच्या पाहण्यांत १८ ते ३४ वयोगटातील मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण २००१-०३ मध्ये ७२ टक्के होते, ते २०२१-२३ मध्ये ६२ टक्क्यांवर आले. चित्रपटांतून आणि मालिकांतून दिसणारे महाविद्यालय हे आता खुद्द अमेरिकेतलेही उरलेले नाही.

तरीही अमेरिकेचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले आहे. आपल्या अनेक धर्मग्रामांतील मुले-मुली उच्च शिक्षणासाठी तिकडे जातात आणि तिथली व्यवस्था जाण्यापूर्वी त्यांना कोणी समजावून सांगत नाही. १९८४ च्या राष्ट्रीय कायद्याने तेथे मद्य खरेदीचे किमान वय २१ ठरले. जे राज्य ते मानणार नाही त्याच्या महामार्गांच्या निधीला कात्री लागणार होती, म्हणून सर्व राज्यांनी ते स्वीकारले. त्यामुळे रस्त्यांवरील तरुणांचे मृत्यू कमी झाले, हे खरे. पण १८ ते २० वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी जे पितात ते बंद खोल्यांत, घाईघाईने आणि बाहेर पडण्याआधीच पिऊ लागले. या प्रकाराला तिथली मुले ‘प्रीगेम’ म्हणतात. रात्रीची ओळखदेख, नृत्य, संभाषण हे सगळे मग पोटात चार पेले गेल्यानंतर सुरू होते. आपल्या महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. ती ठाऊक असलेले पालक आम्हाला फारसे भेटलेले नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मद्य घेतल्याने मन मोकळे होते, बोलायला धीर येतो, असे तरुण सांगतात. यात तथ्य किती? रटगर्स विद्यापीठातील टेरेन्स विल्सन आणि डेव्हिड अब्राम्स यांनी १९७७ साली एक चतुर प्रयोग केला. काही तरुणांना व्होडका आणि टॉनिक देण्यात आले, काहींना नुसते टॉनिक. परंतु कोणाच्या पेल्यात काय आहे, हे अर्ध्यांना मुद्दाम उलटे सांगितले. नंतर प्रत्येकाला एका अपरिचित तरुणीशी गप्पा मारण्यास बसवले आणि त्याच्या हृदयाचे ठोके मोजले. आपण मद्य घेतले आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांचे ठोके कमी वाढले. मग पेल्यात मद्य असो वा नसो. म्हणजे ज्या धैर्याचे श्रेय व्होडकाला जात होते, ते पुष्कळ अंशी त्या तरुणाच्या स्वतःच्या समजुतीतून आले होते.

दोन वर्षांनी, १९७९ साली, त्यांनी तोच प्रयोग तरुणींवर केला आणि निकाल नेमका उलट लागला. आपण मद्य घेतले आहे असे ज्यांना वाटत होते, त्या तरुणी अपरिचित पुरुषासमोर अधिक अस्वस्थ झाल्या. असे का व्हावे, याचे उत्तर आमच्या मते कोणतीही आई देऊ शकेल. मद्य घेतलेल्या मुलीकडे लोक कसे पाहतात हे ती मुलगी जाणून असते आणि आता आपल्याला अधिक सावध राहावे लागेल, हे तिच्या शरीराला आधीच कळते. एकाच पेल्याचा अर्थ त्याच्यासाठी एक आणि तिच्यासाठी दुसरा.

मद्याने समोरची व्यक्ती अधिक सुंदर दिसू लागते, हा समज तर जगभर आहे. पिट्सबर्ग विद्यापीठात मॉली बाउड्रिंग आणि मायकल सायेट यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण मित्रांच्या १८ जोड्यांना एकदा मद्य आणि एकदा मद्यविरहित पेय देऊन अनोळखी व्यक्तींची छायाचित्रे व चित्रफिती दाखवल्या. सौंदर्याचे गुण देताना काही फरक पडला नाही. फरक पडला तो दुसरीकडे. यांपैकी कोणाला भेटायला आवडेल असे विचारले असता, सर्वांत आकर्षक वाटलेल्या व्यक्तींची निवड करण्याचे प्रमाण मद्य घेतल्यावर १.७१ पटीने वाढले. दृष्टी होती तशीच राहिली. नकाराची भीती तेवढी गेली.

नकाराची भीती जाणे हे वरवर पाहता चांगले वाटते. पण ती भीती एकटीच जात नाही. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी १९९० साली मांडलेला सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. मद्याने मनाला ऱ्हस्वदृष्टी येते, असे ते म्हणतात. डोळ्यांना ऱ्हस्वदृष्टी असलेल्या माणसाला जवळचे ठळक आणि दूरचे धूसर दिसते, तसेच मद्य घेतलेल्याला जे आता, या क्षणी, मोठ्याने समोर आहे तेवढेच जाणवते. इच्छा समोर असते, परिणाम दूर असतो. तिचे हसू ठळक असते. त्या हसण्यामागचा संकोच, मागे घेतलेला हात, दाराकडे वळलेली नजर या बारीक खुणा असतात, आणि त्याच आधी पुसल्या जातात. भांडणातही हेच घडते. एका कडवट शब्दाने सगळे मन व्यापले जाते आणि दोन वर्षांचा स्नेह पार्श्वभूमीत विरून जातो. प्रेमसंबंधाला ज्या गोष्टींची सर्वाधिक गरज आहे, म्हणजे ऐकणे, थांबणे, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे वाचणे, त्या मेंदूला सर्वांत जड जाणाऱ्या गोष्टी आहेत आणि मद्य प्रथम त्यांच्यावरच घाला घालते.

वेन स्टेट विद्यापीठातील अँटोनिया ॲबी यांनी आयुष्याचा मोठा काळ या एका प्रश्नाला दिला. त्यांच्या १९८२ च्या पहिल्या प्रयोगातच असे दिसले की, स्त्रीचा साधा मनमोकळेपणा पुरुष लैंगिक आमंत्रण म्हणून वाचण्याकडे झुकतात. तेव्हा त्यात मद्य नव्हते. पुढील अभ्यासांत त्यांनी मद्याची भर घातली आणि ही चूक कशी वाढते ते दाखवले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतील लैंगिक अत्याचारांपैकी सुमारे निम्म्या घटनांत मद्य गुंतलेले असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अत्याचार करणारा बहुधा अनोळखी नसतो. तो मित्र असतो, किंवा ज्याच्याबरोबर ती फिरायला गेली तो असतो. येथे आम्ही एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवू इच्छितो. अशा घटनेनंतर ‘ती प्यायली होती’ हे वाक्य तिच्याविरुद्ध आणि ‘तो प्यायला होता’ हे वाक्य त्याच्या बाजूने वापरले जाते. एकच पेला एकीचा गुन्हा आणि दुसऱ्याची सबब होतो. हे अन्यायाचे आहे आणि कायद्यालाही ते मान्य नाही.

भारतीय न्याय संहितेचे कलम ६३ (१ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३७५) सांगते की, नशेमुळे स्त्रीला आपण कशाला संमती देत आहोत त्याचे स्वरूप व परिणाम समजत नसतील, तर तिचा होकार हा होकार नव्हे. तिने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. आपल्या मुलांना दहावी-बारावीला नागरिकशास्त्राचे कितीतरी धडे असतात. हे एक कलम घरी, जेवणाच्या टेबलावर, वडिलांनी मुलाला समजावून सांगितले तर ते अधिक उपयोगी पडेल, असे आम्हाला वाटते.

याला जोडूनच स्मृतिलोपाचा विचार करावा लागतो. रक्तातील मद्याचे प्रमाण झपाट्याने वाढले की मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या आठवणी साठवणे थांबवतो. माणूस चालतो, बोलतो, हसतो, फोन लावतो. पण दुसऱ्या दिवशी त्यातले काहीच त्याच्यापाशी नसते. ही झोप नव्हे आणि बेशुद्धीही नव्हे, म्हणून सोबत्यांना ती ओळखता येत नाही. ड्यूक विद्यापीठातील ७७२ विद्यार्थ्यांच्या २००२ च्या पाहणीत, मद्य घेतलेल्यांपैकी ५१ टक्क्यांनी असा अनुभव निदान एकदा आल्याचे सांगितले. मुली मुलांपेक्षा कमी पीत असूनही दोघांतील प्रमाण सारखेच होते. मुलीच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असतो. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या मुलाइतकेच मद्य तिने घेतले, तरी तिच्या रक्तात ते अधिक दाट उतरते. ‘बरोबरीने’ पिणे हे शरीरशास्त्राच्या दृष्टीने बरोबरीचे नसतेच.

पेल्याच्या मापाविषयीही घोर अज्ञान आहे. आपल्याकडील व्हिस्की वा रममध्ये साधारणपणे ४२.८ टक्के मद्यार्क असतो. ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. ‘मी दारू घेत नाही, फक्त बिअर घेतो’ असे म्हणणारा तरुण जेव्हा आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली संपवतो, तेव्हा त्याच्या पोटात सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार लहान पेग, गेलेले असतात. यकृत तासाला साधारण एका लहान पेगाइतकेच मद्य पचवू शकते. काळी कॉफी, लिंबूपाणी किंवा डोक्यावर ओतलेली गार पाण्याची बादली या वेगात काडीचाही फरक पाडत नाही. मैत्रिणीला दुचाकीवरून घरी सोडायला निघालेल्या मुलासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांतील ८० च्या मर्यादेपेक्षा ती कितीतरी कडक आहे.

मद्य नात्याला काय करते हे झाले. नाते मद्याला काय करते? येथे चित्र बरेच आशादायक आहे. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील फ्रँक फिंचम व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात, एकाच जोडीदाराशी बांधिलकी असलेल्या विद्यार्थ्यांत मानसिक तक्रारी आणि धोक्याची वर्तणूक कमी आढळली. मिशिगन विद्यापीठात १९७० च्या दशकापासून तरुणांचा मागोवा घेणारा प्रकल्प चालू आहे. त्यावरील जेराल्ड बॅकमन यांच्या १९९७ च्या ग्रंथात दाखवले आहे की, साखरपुडा आणि विवाह या टप्प्यांवर तरुणांचे मद्यपान घटते आणि घटस्फोटानंतर पुन्हा वाढू लागते. ज्याला कोणाच्या तरी सकाळची काळजी आहे, तो आपली रात्र जपून वापरतो. उलट आज एक, उद्या दुसरी अशा क्षणिक गाठीभेटींत मद्य हे जणू प्रवेशपत्र होऊन बसते, कारण शुद्धीवर असताना ज्याच्याशी बोलायला काही नाही त्याच्याबरोबर संध्याकाळ काढायची असते.

पण यावरून ‘लग्न करून द्या, म्हणजे सुधारेल’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी थोडे थांबावे. हा सल्ला आपल्याकडे फार ऐकू येतो, आणि तो ज्या मुलीच्या पदरात पडतो तिचा विचार कोणी करीत नाही. बफेलो येथील केनेथ लेनर्ड यांनी ६३४ नवविवाहित जोडप्यांचा पहिली नऊ वर्षे मागोवा घेतला. दोघांपैकी एकच जण भरपूर पिणारा होता, अशा जवळजवळ ५० टक्के जोडप्यांचा या काळात घटस्फोट झाला. इतर जोडप्यांत हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. लग्नाआधीची सवय सनईच्या आवाजाने पळून जात नाही. फिरायला जाताना ‘तो थोडी घेतो, पण माणूस चांगला आहे’ असे जिला वाटते, तिने हे आकडे शांतपणे पाहावेत. विवाहपूर्व शिबिरांतही ‘तुम्ही पिता का?’ एवढ्यावर न थांबता ‘किती, कोणाबरोबर आणि भांडण झाल्यावर किती?’ असे विचारले गेले पाहिजे.

पालकांनी काय करावे? धाक दाखवून फारसे साधत नाही, कारण धाकाने मूल पिणे सोडण्याऐवजी सांगणे सोडते. आणि आपल्याकडे साखरपुड्याला, लग्नाच्या मांडवात, बाप्तिस्म्याच्या जेवणाला बाटल्या उघडल्या जातात तेव्हा मुले तेथेच असतात. ‘घेतल्याशिवाय मजा नाही’ हे वाक्य त्यांनी महाविद्यालयात जाण्यापूर्वी कोठे ऐकले, हे वेगळे सांगायला नको. मुलाला किंवा मुलीला एक आश्वासन मात्र जरूर द्यावे : रात्री कितीही वाजता, कोणत्याही अवस्थेत फोन केलास तर आम्ही न्यायला येऊ, आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. अमेरिकेतील विद्यापीठांनाही अखेर याच वाटेने जावे लागले. शिक्षेच्या भीतीने विद्यार्थी बेशुद्ध मित्रासाठी मदत मागत नव्हते, म्हणून कॉर्नेल विद्यापीठाने २००२ साली मदत मागणाऱ्यावर कारवाई न करण्याचा नियम केला आणि पुढे अनेक विद्यापीठांनी तो उचलला.

अशी मदत केव्हा मागावी हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असले पाहिजे. हाक मारून, हलवून जाग येत नसेल, अंग गार व निळसर पडले असेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी होत असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचे अंतर पडत असेल, तर ती ‘झोपू दे, उतरेल’ अशी अवस्था नव्हे. त्या व्यक्तीला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी झाल्यास ती श्वासनलिकेत जाणार नाही, आणि ११२ वर फोन करावा. तिला एकटे सोडू नये. विशेषतः मुलगी असेल, तर तिच्या विश्वासातील मैत्रीण सोबत असावी.

ज्यांचे पाऊल यापुढे गेले आहे त्यांच्यासाठी मदत दूर नाही. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचे केंद्र वसईतही आहे. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली उभे केलेले मुक्तांगण आहे. केंद्र शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्ती मदतवाहिनी निःशुल्क आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मुंबई-वसई परिसरात अनेक ठिकाणी भरतात. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन ही वेगळी संघटना आहे. प्रियकर किंवा प्रेयसी पीत असेल आणि आपण काय करावे हे सुचत नसेल, अशा तरुण-तरुणींनाही तेथे जाता येते. त्यासाठी लग्न झालेले असावे लागत नाही, आणि पिणारी व्यक्ती सोबत यायला तयार असण्याचीही अट नाही.